भोकांचा इतिहास

बँकेत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाने हाताला रंग लावून घेऊ नये. त्याच्या हाताला शिक्क्याची शाई शोभते, फार तर नोटा मोजताना स्पंजचे पाणी शोभते. हे शहाणपण मला यंदाच्या श्रावणात सुचले. पण ते अंमळ उशिरा सुचले, म्हणजे चौरंगावरचा जुना रंग पॉलिशपेपरने पार खरवडून काढल्यानंतर.

त्याचे असे झाले. आमच्या घरी गणपती ज्या चौरंगावर बसतो, तो चौरंग माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टात कारकून होते. १९७८ साली त्यांची बदली सावंतवाडीला होती आणि नुकतेच लग्न झालेले होते. सावंतवाडीत चितार आळी म्हणून एक आळी आहे. तिथली रंगीत लाकडी फळे आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. पाहुणा हमखास लाकडी केळ उचलतो आणि घरची माणसे हमखास हसतात. त्या आळीत पाट, चौरंग, खेळणी, गंजिफा असा सगळा रंगीत संसार. याच सुमारास, सत्तरच्या दशकात, शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी मरणपंथाला लागलेल्या गंजिफेच्या कलेला राजवाड्यात जागा देऊन पुन्हा उभे केले होते. दशावतारी गंजिफेची गोल पाने एकशेवीस. म्हणजे एक संच रंगवायचा तर एकशेवीस वेळा हात स्थिर ठेवायचा. मला दिवसातून एकदा सही करताना ठेवता येत नाही.

तर अण्णांनी चितार आळीतला रंगवलेला चौरंग पाहिला, त्याची किंमत ऐकली, स्वतःचा पगार आठवला आणि कोरा चौरंग घेऊन घरी आले. मग त्यांनी तो स्वतः रंगवला. खाली लाल रंग, कडेने हिरवी वेल आणि चार कोपऱ्यांत चार पांढरी कमळे. नक्षी आईची. ती दारात जी रांगोळी काढायची, तीच जरा बारीक करून चौरंगावर चढवली. पंचेचाळीसच्या वर गणपती त्या चौरंगावर बसले आणि उठले. समईचे तेल, पंचामृत, एकदा माझ्या हातून पडलेला निरांजनाचा निखारा, असे सगळे त्याने सोसले. रंगाचे पोपडे निघाले, वेलीची पाने गळाली.

"यंदा त्या चौरंगाला हात लावा, नाहीतर मी सनमायकाचा आणते," आमची ही म्हणाली.

मी हात लावला. आई आठ दिवसांसाठी मावशीकडे गेली होती; ती येईपर्यंत चौरंग नवाकोरा करून तिला चकित करायचे असा बेत होता. रविवारी सकाळी पॉलिशपेपर घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत लाकूड लख्ख केले. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. खाते बंद करण्यापूर्वी शिल्लक काढायची असते, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलेले आहे. पण चौरंगाचे खाते मी शिल्लक न काढताच बंद केले. मग ऑइलपेंटचे दोन हात दिले. लाल रंग असा चकाकू लागला की त्यात माझे तोंड दिसावे. ते समाधानी होते.

आई आली. चौरंगाभोवती एक चक्कर मारली.

"छान झालाय," ती म्हणाली. "वेल कुठं गेली?"

मांजर कुठे गेले, अशा सुरात विचारले.

"काढतो ना परत," मी म्हणालो.

"तू?" आई म्हणाली, आणि आत जाऊन मेथी निवडायला बसली. ती रागावली असती तर बरे वाटले असते. अण्णांना जाऊन पंधराच्या वर वर्षे झाली. त्यांनी हाताने केलेली म्हणून घरात जी एकच वस्तू होती, ती त्यांच्या मुलाने दोन रुपयांच्या पॉलिशपेपरने साफ केली होती. एवढे सगळे त्या एका 'तू'मध्ये होते.

अशा रीतीने मी इतिहासात शिरलो.

प्रश्न वरवर पाहता सोपा होता. कागदावर असलेली नक्षी रंगवलेल्या लाकडावर उतरवायची. पण पहिली अडचण अशी की कागदावरही नक्षी नव्हती. मी घरातले गणपतीचे सगळे फोटो काढले. तीस-पस्तीस वर्षांच्या फोटोंत गणपती आहे, मखर आहे, आम्ही सगळे क्रमाक्रमाने जाडे होत गेलेले आहोत, पण चौरंगावर प्रत्येक वर्षी कापड आहे. फक्त १९९१ च्या एका फोटोत कापड सरकून एका कोपऱ्यातले दीड कमळ दिसते. त्यावरून मी एक चित्र बनवले आणि पेन्सिल घेऊन चौरंगावर बसलो, म्हणजे समोर बसलो. ऑइलपेंटच्या चकचकीत पृष्ठभागावर पेन्सिल चालत नाही. ती घसरते. कर्ज मागायला आलेला माणूस मुद्द्यावरून घसरतो, तशी.

मग मला कार्बन आठवला. मी नोकरीला लागलो तेव्हा बँकेत संगणक आलेले होते, पण कार्बन गेलेला नव्हता. कार्बन उलटा घालून सबंध पावती तिच्याच पाठीवर आरशातल्यासारखी उमटवण्याचा पराक्रम आमच्या पिढीने केलेला आहे. आता कार्बन औषधालाही सापडत नाही. पण माझ्या कपाटात चार ताव निघाले. (ते मी विकत घेतलेले होते. हे ऑडिटसाठी सांगून ठेवतो.)

या कार्बनचा इतिहास मी तेव्हा वाचला. इंग्लंडमध्ये रॅल्फ वेजवुड नावाच्या गृहस्थाने १८०६ साली त्याचे पेटंट घेतले. हा त्या चिनीमातीच्या भांडीवाल्या वेजवुड घराण्यातलाच. त्याचा मूळ हेतू नकला काढण्याचा नव्हताच मुळी. दृष्टिहीन माणसाला शाई-दौतीच्या भानगडीशिवाय लिहिता यावे, म्हणून त्याने कागदाला शाई चोपडून वाळवली आणि वरून बोथट टोकाने लिहिण्याची सोय केली. गंमत म्हणजे त्याच सुमारास इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या माणसाने आपल्या परिचयातल्या एका अंध सरदारकन्येसाठी लिहिण्याचे यंत्र बनवले आणि त्यात काळा कागद वापरला. तिने त्या यंत्रावर लिहिलेली १८०८ पासूनची पत्रे आजही आहेत. म्हणजे ज्या कागदाने पुढे सगळ्या जगातल्या कारकुनांची बोटे काळी केली, त्याचा जन्म एका कोवळ्या भावनेतून झाला होता. हे मला माहीत असते, तर मी बँकेत कार्बनला जरा आदराने वागवले असते.

पण चौरंगावर कार्बन चालला नाही. एक तर लालावर काळी रेघ धड दिसेना. दुसरे म्हणजे कार्बनची रेघ मेणचट असते. तिच्यावर मी कमळाचा पांढरा रंग दिला तो तिथे धरेना आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पाकळीतून काळी रेघ वर डोकावू लागली. कमळाला मिशी फुटल्यासारखे दिसत होते. मी ते पुसले. पुसताना खालचा लाल रंगही थोडा आला. पुन्हा लाल रंग दिला.

ही कहाणी मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत सांगितली. आमचे हेडकॅशियर भेंडीची भाजी खात होते. ते म्हणाले, "अहो, कार्बन कसले लावताय? भोकं पाडा."

"कशाला?"

"कागदाला. आमच्या आईच्या ब्लाउजवर, साडीवर भरतकामाची नक्षी छापून आणायला लहानपणी मीच जायचो. दुकानदार भोकाभोकांचा कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने फिरवायचा. गडद कापड असलं की पांढरी पूड. कागद उचलला की नक्षी हजर!"

मी जेवायचा थांबलो. भोकाभोकांचा कागद! प्रत्येक मराठी घरात हा कागद असायचा की. जुने वर्तमानपत्र घ्यायचे, घड्या घालायच्या, पेटत्या उदबत्तीने ओळीने भोके पाडायची. तो कागद अंगणात अंथरून वरून रांगोळी फिरवली की ठिपके तयार. मग बाईमाणसाने फक्त ते जोडायचे. लहानपणी उदबत्तीने भोके पाडण्याचे काम माझ्याकडे होते. अग्रलेखाला भोके पाडण्याइतका आनंद मला त्यानंतर कुठल्याही वाचनात मिळालेला नाही.

आणि मग जे वाचू लागलो, त्याने थक्कच झालो. मंडळी, हा कागद काही आपल्या अंगणापुरता नाही. निम्म्या जगाची चित्रकला या भोकांवर उभी आहे!

चीनच्या वायव्य भागात, वाळवंटाच्या कडेला दुनहुआंग नावाचे ठिकाण आहे. तिथल्या लेण्यांत एक लहानशी खोली अकराव्या शतकाच्या सुमारास भिंत घालून बंद केलेली होती. १९०० साली वांग युआनलू नावाच्या साधूला ती सापडली. आत हजारो पोथ्या आणि चित्रे. १९०७ साली ऑरेल स्टाइन साहेब तिथे पोचला आणि पेटारे भरभरून माल लंडनला घेऊन गेला. त्या मालात बुद्धाच्या आकृतीचे, भोके पाडलेले, हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे कागद निघाले. भिंतीवर बुद्धांच्या रांगाच्या रांगा काढायच्या असल्या की हा कागद लावायचा, पुडीने थोपटायचा, पुढे सरकायचे. त्यातल्या एका कागदावर तर बुद्ध अर्धाच शाईने काढलेला आहे. कागद मधोमध दुमडून भोके पाडली, की उरलेला अर्धा आपोआप. म्हणजे घडी घालून श्रम वाचवण्याची आपल्या घरातली युक्ती आणि त्या चिनी कलावंताची युक्ती एकच. आळस ही मानवजातीला जोडणारी मोठी शक्ती आहे, असे माझे फार दिवसांचे मत होते. त्याला पुरावा मिळाला.

आपल्याकडे मोगल दरबाराच्या चित्रशाळेतही हेच. हरणाचे कातडे घासून घासून असे पातळ करायचे की त्यातून पलीकडचे दिसावे. ते जुन्या चित्रावर ठेवून आकृती उतरवून घ्यायची. त्याला म्हणत चरबा. मग रेषांवरून सुईने भोके पाडायची आणि कोळशाची पूड भरलेली पुरचुंडी वरून थोपटायची. आणि इथे मला एक शब्द सापडला, जो मी रोज वापरतो. खाका! वरिष्ठ कार्यालयाकडून आम्हाला दर तिमाहीला कसला ना कसला खाका येतो. या शब्दाचे मूळ फारसी 'खाक', म्हणजे धूळ, माती. जळून खाक होते ती खाक हीच, आणि अण्णांच्या पोस्टमन मित्रांची खाकीही हीच, धुळीच्या रंगाची. खाका म्हणजे धुळीने उमटवलेली आकृती. वरिष्ठ कार्यालयाचे खाके शेवटी धूळ खात का पडतात, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. ते माहेरी परत जातात.

पण माझा प्रश्न लाकडाचा होता, आणि रंगवलेल्या लाकडाची माणसे युरोपात भेटली. कापडावर चित्रे काढण्याची चाल तिकडे रुजण्यापूर्वी चांगली चित्रे फळीवर काढत. इटलीत पॉपलर नावाच्या झाडाची फळी, तिच्यावर सरस आणि जिप्समचे अस्तर, आणि वर रंग. १४०० च्या आसपास चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने या धंद्यातल्या सगळ्या खुब्या एका पुस्तकात लिहून ठेवल्या. करडाचे कातडे खरवडून, जवसाचे तेल लावून पारदर्शक कागद कसा करावा, हे त्यात आहे. चित्रातल्या माणसाच्या अंगरख्यावर वेलबुट्टी उतरवायची तर कागदाला सुईने भोके पाडून पुरचुंडीने थोपटा, हेही आहे. आणि पुढे जे आहे, ते वाचून मी कपाळाला हात लावला. खालचा रंग पांढरा असेल तर कोळशाची पूड घ्या. काळा असेल तर सफेत्याची घ्या! सहाशे वर्षांपूर्वी तो माणूस मला सांगत होता, की बाबा, लालावर काळे कार्बन लावू नकोस. (सफेता हे शिशाचे विष आहे, ते मात्र कोणी आणू नये.)

राफाएलने १५०४ च्या सुमारास झोपलेल्या एका शिलेदाराचे चित्र काढले. पॉपलरच्या फळीवरचे हे चित्र सतरा सेंटिमीटरचे, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीने १८४७ साली ते विकत घेतले, आणि त्याच्याबरोबर त्याचा मूळ कागदही घेतला. त्या कागदाला रेषांवरून टोचलेली बारीक भोके आहेत. एवढा मोठा राफाएल, आणि वीतभर चित्रालाही भोकांचा कागद! मला फार धीर आला. मोनालिसाही पॉपलरच्या फळीवरच आहे. तिच्या रंगाखाली अशाच ठिपक्यांच्या खुणा सापडल्याचा अभ्यास फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. ती जे हसते आहे, ते आपले ठिपके कोणाला दिसत नाहीत म्हणूनच, असे माझे स्वतःचे संशोधन आहे.

या मोठ्या कागदांना इटालियनमध्ये 'कार्तोने' म्हणत, म्हणजे जाड कागद. त्यावरून इंग्रजीत झाले कार्टून. पुढे लंडनच्या पार्लमेंटच्या भिंतींवर चित्रे काढायचे ठरले आणि १८४३ साली त्यांच्या भव्य कार्टूनांचे प्रदर्शन भरले. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने त्यांची टिंगल करायला आपली टवाळ चित्रे 'कार्टून' या नावानेच छापली आणि तो शब्द व्यंगचित्राला कायमचा चिकटला. म्हणजे विनोदाचाही या भोकांशी संबंध निघाला. प्रस्तुत लेखकाला आणखी काय हवे?

रशियातल्या मूर्तिचित्रकारांनी मात्र माझी झोप उडवली. लाकडी फळीवर संतांची चित्रे काढणारी ही मंडळी. जुने चित्र खराब झाले की आधी त्याच्या रेषांवरून लसणाच्या रसात कालवलेला काळा रंग फिरवायचे, त्यावर तोंडाची वाफ सोडायचे आणि कागद दाबायचे. लसणाचा चिकटपणा ओला होऊन आकृती कागदावर उलटी उमटायची. तो कागद जपून ठेवायचा, टोचायचा, आणि मगच नव्या फळीकडे वळायचे. म्हणजे आधी शिल्लक काढायची, मग खाते बंद करायचे! घरात लसूण होता. वाफ होती. अक्कल तेवढी नव्हती.

हे सगळे मी रात्री जेवताना सांगत होतो. दुनहुआंग झाले, राफाएल झाला. हिने दोनदा वाढले. आई शांतपणे ताकभात कालवत होती. मी म्हणालो, "सारांश काय, की आपल्याला भोकांचा कागद करायला हवा. पण मूळ नक्षीच नाही, तर भोकं कशाला पाडणार?"

आई म्हणाली, "भोकांचा कागद? आहे की."

"कुठं?"

"माझ्या ट्रंकेत. यांनी केलेला."

"अगं मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू काढतो म्हणालास."

ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूखाली, माझ्या जावळाच्या पुडीशेजारी एक मोठे खाकी पाकीट होते. आत अण्णांचा खाका. पोस्टातल्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून त्यांनी कागद लांब केला होता. एक कमळ आणि अर्ध्या बाजूची वेल, एवढेच. तेच पालथे-उताणे करून चारी बाजूंना फिरवायचे. भोके उदबत्तीची नव्हती, टाचणीची होती. बारीक, एकसारखी, ओळीत, जणू तिकिटांचा ताव. १८५४ साली कलकत्त्यात छापलेली पहिली तिकिटे कात्रीने कापावी लागत, कारण त्यांना भोके नव्हती. इंग्लंडात त्याच वर्षी भोकांची तिकिटे सुरू झाली. अण्णांनी सगळी हयात भोकांवरून तिकिटे फाडून लोकांना दिली. भोकांचा महिमा त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

कागद उजेडाकडे धरला. वेल उजेडाची होऊन लुकलुकायला लागली. आम्ही कोणीच काही बोललो नाही.

मी रांगोळीची पुरचुंडी करायला घेतली, तेवढ्यात हात थांबला. कागदाच्या घड्या तुटायला आल्या होत्या. एकदा थोपटला असता तर चिंध्या झाल्या असत्या. यावरही तोडगा इतिहासातच होता. मिलानमध्ये राफाएलचाच एक आठ मीटर लांबीचा कागद आहे, व्हॅटिकनमधल्या भिंतीवरच्या चित्राचा. त्यालाही भोके आहेत, पण तो भिंतीला लावलेलाच नाही. चांगल्या कागदाखाली साधा कागद ठेवायचा आणि एकदमच दोघांना टोचायचे. मग भिंतीला, धुळीला, ओल्या चुन्याला तोंड द्यायला तो साधा कागद. मूळ तसाच राहतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर मूळ दस्तऐवज तिजोरीत आणि व्यवहार नकलेवर.

मी खाली नवा कागद ठेवला, त्याखाली जुनी घोंगडी, आणि टाचणी घेऊन अण्णांच्या एकेका भोकातून खाली उतरू लागलो. तीन रात्री लागल्या. नवीन भोक पाडायचे नाही, जुन्यातूनच जायचे. त्यामुळे अण्णांचा हात कुठे भरभर गेला, कुठे थांबला, कुठे भोके दाट झाली, हे सगळे बोटांना कळत होते. एका ठिकाणी त्यांना बहुतेक झोप आली असावी. वेल जरा खाली लवंडली होती. मलाही बरोबर तिथेच झोप आली.

कमळाशेजारी एका पानापाशी अडलो. तिथे तिकिटांच्या तावाची डिंक लावलेली पांढरी कड चिकटवून जुनी भोके बुजवली होती आणि त्यावरून नवी पाडली होती. नवी भोके मोठी, ओबडधोबड. पान जरा जास्तच फुगलेले.

"हे पान दुरुस्त करू का?" मी आईला विचारले. "बाकीच्यांत बसत नाही."

आईने चष्मा लावून पाहिले. "ते माझं आहे," ती म्हणाली. "यांनी काढलेलं मला आवडलं नव्हतं. मी म्हटलं, रांगोळीत पान असं नसतं. तर म्हणाले, तू पाड भोकं. म्हणून मी पाडली. चिकटपट्टी त्यांची."

मी ते पान जसेच्या तसे उतरवले. एका भोकाचाही फरक केला नाही.

पुढचे तांत्रिक काम सांगतो, कारण कोणीतरी कुठेतरी चौरंग खरवडून बसलेलाच असेल. नव्या कागदाची पाठ बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासली, म्हणजे भोकांभोवतीचे उंचवटे जातात आणि भोके मिटत नाहीत. चौरंगाचा चकचकीतपणा त्याच पेपरने किंचित मारला आणि कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसला. रंग पूर्ण वाळू दिला. आदल्या खेपेला श्रावणातल्या दमट हवेत अर्धवट वाळलेल्या कोपऱ्यावर मी खडूची पूड थोपटून पाहिली होती, तेव्हा कमळाऐवजी तिथे पिठाची गिरणी झाली होती. कागद चिकटपट्टीने पक्का बसवला. शिरगोळ्याची रांगोळी वस्त्रगाळ करून पुरचुंडीत भरली. थोपटली, घासली नाही. आणि कागद एका बाजूने अलगद उचलला.

लाल चौरंगावर पांढऱ्या ठिपक्यांची वेल उभी होती. लवंडलेली जागा लवंडलेली, फुगलेले पान फुगलेले. आईने वाकून पाहिले. पदर तोंडाशी धरला. भावनेने नव्हे, श्वासाने ठिपके उडू नयेत म्हणून. निदान तिने कारण तेच सांगितले.

ठिपके मी जोडले. कमळाच्या दोन पाकळ्या तिने जोडल्या. तिचा हात आता थरथरतो, पण थरथरणाऱ्या हातालाही ठिपके रस्ता सोडू देत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले. रंग वाळल्यावर उरलेली पूड फडक्याने झटकली. इतिहास संपला.

चतुर्थीला गणपती आले. हिने चौरंगावर नवे जरीचे कापड घातले. वेल कोणालाही दिसली नाही. शेजारी येऊन मखराचे कौतुक करून गेले. आरतीपूर्वी आईने मात्र कापडाचा एक कोपरा उचलला, खाली पाहिले आणि पुन्हा नीट सारखा केला.

विसर्जनानंतर मी अण्णांचा कागद पाकिटात घातला आणि माझ्या कागदाची घडी करू लागलो. तो आमच्या शाखेच्या मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर केलेला होता. आई म्हणाली, "तोही ठेव त्यातच. वर तारीख घाल."

"आता कशाला? चौरंग तर झाला."

आईने दाराकडे पाहिले. दारात माझा मुलगा उरलेल्या पॉलिशपेपरने बॅटचा दांडा घासत बसला होता.

"लागेल," आई म्हणाली.